प्रोफेसर मॅक्स वेबर : काम आणि धर्म यांचे अभ्यासक

आमच्या वार्षिकांत थोर पुरुषांचीं जीं चरित्रें येतात तीं बहुधा सेनापतींचीं, शोधकांचीं किंवा परोपकारी साधुपुरुषांचीं असतात. यंदां आम्ही ज्यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों ते यांपैकीं कोणीच नव्हते. ते एक जर्मन प्राध्यापक होते. आणि त्यांतहि नवल असें कीं, ऐन उमेदीच्या वयांत जवळजवळ वीस वर्षें त्यांस वर्गांत उभें राहून शिकवितां आलें नाहीं. तथापि दुकानांत, गिरणींत किंवा कचेरींत माणूस जें काम करतो त्याचा व त्याच्या धर्मश्रद्धेचा संबंध काय, हा प्रश्न आज जगांत कोठेंहि निघाला तर मॅक्स वेबर यांचें नांव घेतल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

मॅक्सचा जन्म ता. 21 एप्रिल 1864 रोजीं जर्मनींतील एर्फुर्ट या गांवीं झाला. भावंडांत तोच थोरला. वडिलांचें नांवहि मॅक्सच. ते कायदा शिकलेले, राजकारणांत मुरलेले, चार मोठ्या लोकांत ऊठबस असलेले गृहस्थ होते. 1869 सालीं त्यांनीं बिऱ्हाड बर्लिनला नेलें. आजोबा बीलेफेल्ड येथें लिनन कापडाचा व्यापार करीत. आई हेलेन ही मात्र अगदीं निराळ्या वळणाची. तिच्या आईच्या घराण्याचे पूर्वज धर्मासाठीं फ्रान्स सोडून परागंदा झालेल्या ह्यूगेनॉट लोकांपैकीं होते. दिवसाचा प्रत्येक तास आपण कसा घालविला याचा जाब देवापुढें द्यावयाचा आहे, अशा समजुतीनें ती वागे, गोरगरिबांसाठीं झिजे, आणि स्वतःच्या माहेरच्या पैशांतून दानधर्म करतांनाहि तिला नवऱ्याच्या मर्जीकडे पाहावें लागे. घर सुखवस्तु होतें, पाहुण्यांनीं गजबजलेलें होतें. परंतु नवरा-बायकोंच्या मनांत अंतर होतें, आणि तें मुलांच्या लक्षांत आल्यावांचून राहिलें नाहीं.

लहानपणीं मॅक्सला मेंदूच्या आवरणाचा कठीण आजार झाला होता. त्यामुळें खेळापेक्षां पुस्तकांकडेच त्याचा ओढा राहिला. तेरा वर्षांचा असतांना त्यानें आईवडिलांसाठीं दोन ऐतिहासिक निबंध लिहिले. एक जर्मनींतील बादशहा आणि पोप यांच्याविषयीं, दुसरा रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळाविषयीं. शाळेंत त्याचें मन रमत नसे. वर्ग चालूं असतां बाकाखालीं पुस्तक धरून त्यानें गटेचे चाळीसहि खंड वाचून काढिले, असें सांगतात. ही गोष्ट आम्ही भीतभीतच लिहितों. कारण आमच्या वर्गांत बाकाखालीं जीं पुस्तकें सांपडतात तीं गटेचीं नसतात.

1882 सालीं तो कायदा शिकण्यास हायडेलबर्गला गेला. तेथें विद्यार्थ्यांच्या मंडळांत सामील होऊन तो बिअर पिऊं लागला, तरवारीचीं द्वंद्वें खेळूं लागला आणि कर्जहि करूं लागला. फुगलेलें शरीर आणि गालावर तरवारीचा वण घेऊन तो घरीं परतला तेव्हां त्या सोशिक आईनें कांहीं न बोलतां त्याच्या एक सणसणीत थोबाडींत दिली. पुढें लष्करी शिक्षणासाठीं स्ट्रासबर्ग येथें असतां तो आपल्या मावशीच्या घरीं जाऊं लागला. ही मावशी, इडा बाउमगार्टन, बहिणीसारखीच धर्मनिष्ठ होती. पण बहिणीसारखी गप्प बसणारी नव्हती. आईच्या मनांत काय चालतें याचा उलगडा तरुण मॅक्सला या मावशीच्या घरीं झाला, असें त्याच्या चरित्रकारांचें मत आहे. श्रद्धा ही रविवारीं अंगावर घालावयाची वस्तु नसून आठवड्याच्या सहाहि दिवसांचा हिशेब बदलून टाकणारी शक्ति असते, हें त्यानें ग्रंथांत वाचण्यापूर्वीं घरांत पाहिलें होतें.

विद्यार्जनाचा भाग आम्ही थोडक्यांत आटोपतों. मध्ययुगांतील इटालियन व्यापारी पेढ्यांवरील प्रबंधाबद्दल 1889 सालीं त्यांस डॉक्टरची पदवी मिळाली. त्या वेळच्या वादसभेंत थोर इतिहासकार मॉमसेन यांनीं, आपली जागा चालविण्यास हाच तरुण योग्य, असा अभिप्राय सर्वांदेखत दिला. 1892 सालीं एल्ब नदीच्या पूर्वेकडील शेतमजुरांच्या स्थितीवर त्यांनीं मोठा अहवाल लिहिला. 1893 सालीं मारियान श्निटगर या मुलीशीं त्यांचा विवाह झाला. ती नात्यानें त्यांच्या चुलत बहिणीची मुलगी. 1894 सालीं, म्हणजे वयाच्या तिसाव्या वर्षीं, ते फ्रायबुर्ग येथें अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि लौकरच हायडेलबर्गहून त्यांस बोलावणें आलें.

या काळांत त्यांच्या कामास सुमार नव्हता. मध्यरात्र उलटून जाईपर्यंत ते टेबलाशीं बसत. पत्नीनें विश्रांति घ्या म्हटलें तर, इतकें केलें नाहीं तर आपण प्राध्यापक कसले, असें त्यांस वाटे. काम हा त्यांचा केवळ उद्योग नव्हता. आपण जगण्यास पात्र आहों याचा तो पुरावा होता.

1897 च्या उन्हाळ्यांत हेलेनबाई कांहीं दिवस मुलाकडे एकट्या राहावयास येणार होत्या. वडिलांनीं आपणहि बरोबर येण्याचा हट्ट धरला. हायडेलबर्गच्या घरांत बापलेकांचें कडाक्याचें भांडण झालें. आईला कधीं मोकळेपणानें जगूं दिलें नाहीं, असा ठपका मुलानें बापावर ठेविला आणि त्यांस घरांतून जाण्यास सांगितलें. त्यानंतर सुमारें दोन महिन्यांनीं वडील प्रवासांत असतांना एकाएकीं वारले. समेट झालाच नाहीं. यांत चूक कोणाची, हें ठरविण्याचें काम आमचें नव्हे. आईची बाजू घेणारा मुलगा अगदींच चुकला असें आम्हांस म्हणवत नाहीं. परंतु त्या एका संध्याकाळचें ओझें त्यानें जन्मभर वाहिलें, हें खरें.

थोड्याच महिन्यांत वेबर यांची प्रकृति ढासळली. झोंप उडाली. व्याख्यानाला उभें राहिलें कीं हातपाय गळत. पुढें पुढें वाचन, लेखन, संभाषण, सारेंच अशक्य झालें. खिडकीपाशीं बसून समोरच्या झाडांकडे पाहत राहणें एवढेंच काय तें त्यांच्या हातून होई. औषधोपचार झाले, आरोग्यधामांत राहून झालें, इटलींत महिनेच्या महिने वास्तव्य झालें. अशीं पांच वर्षें गेलीं. काम न करतां पगार घेणें त्यांस असह्य वाटे. त्यांनीं वारंवार राजीनामा दिला आणि सरकारनें तो वारंवार लांबणीवर टाकिला. अखेरीस 1903 सालीं त्यांनीं जागा सोडलीच. तेव्हां त्यांचें वय अवघें एकोणचाळीस वर्षांचें होतें.

या आजारांत असतांना त्यांनीं पत्नीस एका पत्रीं कबूल केलें कीं, आजवर आपण कामाला एखाद्या ताइतासारखें घट्ट धरून बसलों होतों, आणि तो ताईत कशापासून आपलें रक्षण करील हें आपणांस ठाऊक नव्हतें. आमच्या मतें वेबर यांच्या सर्व विद्वत्तेची किल्ली येथें आहे. कामावांचून माणसाला किंमत नाहीं, हा समज जगांत आला कोठून? पोटासाठीं काम करणें समजतें. पण पोट भरल्यावरहि जो थांबूं शकत नाहीं, थांबला तर ज्याला अपराध्यासारखें वाटतें, त्याच्या मनांत ही टोंचणी कोणी घातली? हा प्रश्न त्यांनीं ग्रंथालयांत बसून हुडकून काढिलेला नव्हता. तो त्यांच्या अंगावर आला होता.

हळूहळू शक्ति परत येऊं लागली. 1904 सालीं अमेरिकेंत सेंट लुइस येथें मोठें प्रदर्शन भरलें होतें. त्या निमित्तच्या विद्वत्परिषदेस वेबर दांपत्य गेलें. तेथील व्याख्यान त्यांनीं दिलें, आणि मग तो आजारी मनुष्य त्या अफाट देशांत महिनोगणती हिंडला. दक्षिणेकडे त्यांचे कांहीं नातेवाईक शेती करून राहत. तेथें एका रविवारीं त्यांनीं बॅप्टिस्ट मंडळीचा बाप्तिस्मा पाहिला. थंडीचे दिवस होते, आणि लोक कपड्यांसुद्धां गार पाण्यांत उतरत होते. त्यांतील एका तरुणाविषयीं शेजारी उभ्या असलेल्या नातलगानें सांगितलें कीं, या गृहस्थास गांवांत पेढी काढावयाची आहे. वेबर चकित झाले. चौकशीअंतीं उलगडा झाला तो असा कीं, ही मंडळी कोणासहि सहजासहजीं सभासद करून घेत नसे. उमेदवाराच्या लहानपणापासूनच्या वर्तनाची कसून चौकशी होई. म्हणून ज्याला मंडळींत प्रवेश मिळाला त्याच्याकडे ठेव ठेवण्यास परगांवचा माणूसहि कचरत नसे. आगगाडींत भेटलेल्या एका फिरत्या विक्रेत्यानेंहि त्यांस अशाच अर्थाचें सांगितलें, कीं जो कोणत्याच देवळांत जात नाहीं त्याला आपण उधार माल देणार नाहीं. श्रद्धा आणि पत यांचा असा सांधा त्यांनीं पुस्तकाबाहेर प्रत्यक्ष पाहिला.

याच सुमारास, 1904 आणि 1905 सालीं, त्यांचा जगप्रसिद्ध निबंध एका त्रैमासिकवजा ग्रंथमालेंत दोन भागांनीं प्रसिद्ध झाला. प्रॉटेस्टंट नीति आणि भांडवलशाहीची वृत्ति यांचा संबंध हा त्याचा विषय. त्याचें तात्पर्य आम्ही आमच्या शब्दांत देतों.

जर्मन भाषेंत धंद्याला बेरूफ म्हणतात. या शब्दांत हांक मारण्याचा अर्थ आहे. मराठी ख्रिस्ती लोक ज्याला पाचारण म्हणतात तोच. पूर्वीं देवाचें पाचारण म्हणजे मठांत जाणें किंवा धर्मगुरु होणें असें समजत. ल्यूथरनें तो अर्थ चांभाराच्या दुकानांत व शेतकऱ्याच्या शेतांत आणून ठेविला. पुढें कॅल्व्हिनच्या अनुयायांत अशी शिकवण रूढ झाली कीं, तारण कोणाचें व्हावयाचें हें देवानें आधींच ठरविलेलें आहे. तें बदलणें ना धर्मगुरूच्या हातीं, ना दानधर्माच्या. मग सामान्य श्रद्धाळू माणसाच्या मनाची काय अवस्था होत असेल? आपण निवडलेल्यांत आहों कीं नाहीं, याची खूण तो शोधूं लागला. नेमस्तपणें, प्रामाणिकपणें, खंड न पाडतां चालविलेला धंदा ही ती खूण ठरली. अशा माणसाजवळ पैसा येई. परंतु तो चैनींत उडविणें पाप. तेव्हां तो पुन्हा धंद्यांतच पडे आणि भांडवल वाढे. संन्याशाचा कडक नेम मठाच्या भिंती ओलांडून बाजारांत आला, असें वेबर यांचें म्हणणें. आणि याच्या पुढची गोष्ट अधिक खेदाची. काळानें श्रद्धा आटली, तरी कामाचा नेम उरला. त्या जुन्या लोकांनीं आपखुषीनें जें अंगावर घेतलें तें आतां यंत्रांच्या व हिशेबांच्या जगानें सर्वांवर लादलें. हलका अंगरखा होता त्याचें पोलादी आवरण झालें.

या निबंधावर तेव्हांपासून आजपर्यंत टीकेचा पाऊस पडत आहे. कॅल्व्हिन जन्मण्यापूर्वींच व्हेनिस व फ्लॉरेन्स येथें मोठाल्या पेढ्या होत्या, हा आक्षेप पहिल्या दिवसापासूनचा. तो वेबर यांस ठाऊक नव्हता असें नाहीं. त्यांचा पहिला प्रबंधच त्या इटालियन पेढ्यांवर होता. पैशाची हाव सर्व काळीं सर्व देशांत असतेच, असें ते स्वतःच सांगत. त्यांचा शोध हावेचा नव्हता. हाव आंवरून, नेमानें, धर्मकृत्य म्हणून केलेल्या कामाचा होता. तरी त्यांनीं घातलेला दुवा इतिहासाच्या पुराव्यानें पुरता सिद्ध झाला, असें आजचे पंडित म्हणत नाहींत, हेंहि सांगणें जरूर आहे.

ग्रंथांवरून बांधलेला सिद्धांत प्रत्यक्ष कारखान्यांत पडताळून पाहण्याचाहि प्रयत्न त्यांनीं केला, आणि आम्हांस तो भाग विशेष वाचनीय वाटतो. त्यांचे चुलते कार्ल डेव्हिड वेबर यांनीं ओर्लिंगहाउझन या गांवीं लिननचा मोठा व्यवसाय उभारला होता; ते मारियानबाईंचे आजोबा. ते 1907 सालीं वारल्यावर त्यांच्या संपत्तीचा वांटा मारियानबाईंस मिळाला, आणि नोकरी सोडलेल्या या पंडिताच्या घराची विवंचना मिटली. ज्या उद्योगी व्यापाऱ्यांची वृत्ति त्यांनीं वर्णिली, त्यांपैकीं एकाच्या शिलकीवर त्यांचें लेखन चाललें! 1908 सालीं ते त्या गिरणींत जाऊन बसले. मागांच्या व मजुरीच्या वह्या काढून, कोणत्या विणकरानें कोणत्या दिवशीं किती कापड काढिलें, सोमवारीं किती, शनिवारीं किती, सूत बदललें तेव्हां काय झालें, याचे तक्ते त्यांनीं मांडिले. अशा कंटाळवाण्या आंकड्यांतून माणसाचें मन वाचण्याचा तो उद्योग होता. पाएटिस्ट पंथांतील भाविक घरच्या, नाचगाण्याच्या दिवाणखान्यांपासून दूर राहणाऱ्या मुलींचें काम उत्तम उतरतें, असें त्यांस आढळलें. परंतु दुसरीहि एक गोष्ट त्यांनीं नोंदली. कांहीं विणकर हात मुद्दाम आंवरून काम करीत. फार काम दिसलें तर मालक कामाचा दर उतरवील, ही त्यांस भीति. मालकाचे आप्त असूनहि वेबर यांनीं त्यास आळस म्हटलें नाहीं. आपल्या श्रमाची किंमत राखण्याचा तो झगडा आहे, अशीच त्याची संगति त्यांनीं लाविली.

कचेरींतील कारकुनापासून वरिष्ठापर्यंतच्या कामाचेंहि त्यांनीं असेंच परीक्षण केलें. घर आणि कचेरी वेगळीं, खाजगी पैसा आणि कचेरीचा पैसा वेगळा, हुकूम लेखी, आणि समोर कोण उभा आहे हें न पाहतां नियमाप्रमाणें निकाल. ही रीति त्यांस न्यायाची वाटे. तीच रीति माणसाला यंत्राचा दांता करून सोडते, याचीहि त्यांस धास्ती होती. आमच्या पालकांपैकीं पुष्कळजण कचेरींत काम करतात. त्यांस या दोन्ही गोष्टी पटतील.

1914 सालीं महायुद्ध सुरू झालें. पन्नाशीला टेंकलेल्या वेबर यांस रणांगणावर जातां येईना, तेव्हां हायडेलबर्गच्या परिसरांतील लष्करी इस्पितळें उभारण्याचें व चालविण्याचें काम त्यांच्याकडे आलें. दररोज नेमानें कामावर जाणें ज्यांस इतकीं वर्षें साधलें नव्हतें त्यांनीं तें वर्षभर चोख केलें. त्या कामांतून मोकळे झाल्यावर त्यांनीं चीन, हिंदुस्थान व प्राचीन यहूदी लोक यांच्या धर्मांवरील आपले मोठे निबंध प्रसिद्ध केले. हिंदु व बौद्ध धर्मांवरचा निबंध 1916-17 मधला. ते हिंदुस्थानांत कधीं आले नव्हते. खानेसुमारीचे अहवाल व धर्मग्रंथांचीं भाषांतरें यांवरच त्यांची भिस्त. जैन व्यापाऱ्यांची सचोटी त्यांच्या नजरेंतून सुटली नाहीं. तथापि जातिव्यवस्था आणि कर्मसिद्धांत यांच्यामुळें येथें नव्या प्रकारचा उद्योग आपोआप उपजणें कठीण होतें, असा त्यांचा निष्कर्ष. हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाहीं. पुढें मिल्टन सिंगर या अमेरिकन पंडितानें मद्रासच्या कारखानदारांस प्रत्यक्ष भेटून पाहिलें, तेव्हां धर्म पाळणें आणि कारखाना चालविणें यांत त्या लोकांस अडचण वाटत नाहीं, असेंच त्यास दिसलें. दुरून वाचलेल्या पोथ्यांपेक्षां जवळून पाहिलेल्या मागांनीं वेबर यांस अधिक खरें सांगितलें, असें म्हणण्याचा मोह आम्हांस होतो.

त्यांची स्वतःची श्रद्धा काय होती, असें वाचक विचारतील. एखाद्याला गाण्याचा कान नसावा तसें आपलें धर्माच्या बाबतींत आहे, असें त्यांनीं एका स्नेह्यास कळविलें होतें. पण आपण धर्माचे विरोधक नाहीं, हेंहि सांगावयास ते विसरले नाहींत. आईची श्रद्धा त्यांस मिळाली नाहीं. तिचा नेम मात्र मिळाला. 1917 सालीं म्यूनिक येथें विद्यार्थ्यांपुढें बोलतांना त्यांनीं असें मांडिलें कीं, शिक्षकानें वर्गांतल्या टेबलामागें उभें राहून आपलीं राजकीय मतें मुलांवर लादूं नयेत. कारण मुलांस तेथें उलट उत्तर देतां येत नाहीं. आम्हां शिक्षकांस हें थोडें झोंबणारें आहे. 1919 च्या जानेवारींत त्याच शहरीं दिलेल्या दुसऱ्या व्याख्यानांत त्यांनीं आणखी खोल पाणी काढिलें. केवळ हेतु शुद्ध असणें ही एक नीति, आणि आपल्या कृत्याच्या परिणामांचा जाब आपणच देणें ही दुसरी. ज्याच्या हातीं सत्ता आहे त्याला दुसरी टाळतां येत नाहीं, आणि पहिलीवांचून तो माणूस उरत नाहीं, असा त्यांचा विचार होता.

1918 सालीं व्हिएन्ना येथें व पुढच्या वर्षीं म्यूनिक येथें ते पुन्हां वर्गांत उभे राहिले. मधल्या काळांत, 1919 च्या ऑक्टोबरांत, आई गेली. 1920 च्या वसंतांत धाकटी बहीण लिली हिनें जीव दिला. तिचीं चार मुलें पोरकीं झालीं. स्वतः निपुत्रिक असलेल्या वेबर दांपत्यानें त्यांस आपल्या घरीं आणण्याचें ठरविलें. तें होण्यापूर्वींच न्यूमोनियानें वेबर यांस गांठलें, आणि ता. 14 जून 1920 रोजीं, वयाच्या छपन्नाव्या वर्षीं, म्यूनिक येथें त्यांचा अंत झाला.

टेबलावर कागदांचे ढीग पडले होते. कांहीं अर्धे, कांहीं मथळ्यावांचून. मारियानबाई स्वतः विदुषी होत्या, स्त्रियांच्या हक्कांसाठीं झटणाऱ्या होत्या आणि 1919 सालीं बाडेनच्या कायदेमंडळांत निवडून आल्या होत्या. त्यांनीं तें सर्व बाजूस ठेवून हे कागद लाविले, मोठमोठे ग्रंथ छापवून घेतले आणि 1926 सालीं पतीचें चरित्र लिहिलें. मुलांसहि त्यांनींच आधार दिला. त्या 1954 सालीं वारल्या. वेबर यांच्या धर्मविषयक निबंधांचा पहिला खंड या पत्नीस अर्पण केलेला आहे, आणि अर्थव्यवहार व समाज यांवरचा तो अपुरा राहिलेला प्रचंड ग्रंथ आईच्या स्मृतीस.